उभ्या गाडीचा मालक

वाडीबंदर आलं हे आधी नाकाला कळतं. मिरचीची पोती, ओला ताग, सांडलेलं डिझेल आणि मागून बंदराचा खारा दर्प. डिसेंबर 1983, सकाळचे सात वाजलेत. पी. डिमेलो रोडच्या कडेला गाड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. एकीच्या आडोशाला स्टोव्ह पेटलाय, दुसरीच्या टपावर कोणी गोधडीत गुरफटून झोपलंय, तिसरीचा क्लीनर टॉमीने मागच्या चाकांवर ठोके मारतोय आणि आवाजावरून हवा ओळखतोय. इथे ट्रकला ट्रक कोणी म्हणत नाही. गाडी म्हणायचं.

तुम्ही सत्तावीस वर्षांचे आहात, पाथर्डीकडचे. बहात्तरच्या दुष्काळात, सोळाव्या वर्षी खडी फोडलीत, सुकडी खाल्लीत आणि खडी न्यायला आलेल्या गाडीवर क्लीनर म्हणून चढलात, ते आजतागायत उतरला नाहीत. चढताना डोक्यात एकच होतं. भावकीतली माणसं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि वर्षानुवर्षं ती फेडत बसतात, तसं आपलं व्हायला नको.

झालं तसंच. तुमच्याही अंगावर उचल होती, बहिणीच्या लग्नाला घेतलेली. तिच्या बदल्यात गाडी मुंबईत आली की लायसन मालकाच्या ड्रॉवरमध्ये जायचं आणि गाडी निघाली की हातात यायचं. टायर फुटला, पगारातून. डिझेल जास्त गेलं, पगारातून. तेही चालवून घेतलं असतंत. पण दीड वर्षापूर्वी मालेगावच्या अलीकडे रात्री एक सायकलवाला गाडीखाली आला, आणि त्यानंतर चौकीतून लावलेल्या फोनवर मालकाने पहिलं विचारलं, "गाडीला किती लागलंय?" कलम 304 अ, जामीन मिळण्यासारखा गुन्हा. पण जामीन राहायला माणूस लागतो, आणि मालक आला नाही. दोन रात्रींनंतर जामीन राहिला तो रस्त्यावरचा ढाबेवाला. ज्याच्याकडे तुम्ही फक्त जेवायचात, तो.

म्हणून या खेपेला गाडी लावलीत, किल्ली क्लीनरच्या हाती पाठवलीत, उरलेली उचल मनिऑर्डरने फेडतो असा निरोप दिलात, आणि लायसन खिशात घालून इथे आलात. आता नवा मालक बघायचा.

पगार विचारून काही कळणार नाही, हे आधी लक्षात घ्या. या रस्त्यावर सगळे मालक जवळजवळ सारखाच पगार सांगतात, पाच-पंचवीस रुपये इकडे-तिकडे. नोकरीची जाहिरात नाही, अर्ज नाही, नेमणुकीचा कागद नाही. कायदा मात्र आहे! 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, लांबच्या पल्ल्याला थोडे जास्त. तो लागू होतो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. म्हणून इथे एक गाडी शेठच्या नावावर असते, दुसरी शेठाणीच्या आणि तिसरी मेव्हण्याच्या. समोर पाठीवर पोतं घेऊन चाललेल्या माथाड्याकडे बघा. त्याच्यासाठी 1969 चा कायदा आहे, बोर्ड आहे, मजुरी बोर्डातून मिळते. त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील गेल्याच वर्षी गेले. तुमच्या गाडीत माल भरणाऱ्या माणसाला बोर्ड आहे, आणि तोच माल हजार किलोमीटर नेणाऱ्याला शेठचा स्वभाव.

तर स्वभाव ओळखायचा. गाडी पळत असते तोवर कोणताही मालक गोडच बोलतो. ती उभी राहिली की खरा कोण ते दिसतं.

पहिली चौकशी पंक्चरवाल्याकडे करा. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतोय. चहा मागवा, घाई करू नका. मग सहज विचारा, कोणाची चाकं कशी येतात. मागे रिमोल्ड टायर सगळेच घालतात, त्यात पाप नाही. पुढच्या चाकाला रिमोल्ड घालणारा मालक कोण, ते विचारायचं. पुढचं टायर घाटात फुटलं तर गाडी स्टिअरिंग ऐकत नाही, हे प्रत्येक मालकाला माहीत असतं. माहीत असून जो घालतो त्याने तुमच्या जिवाची किंमत आधीच केलेली असते, एका टायरएवढी. पंक्चरवाला नाव घेत नाही. फक्त हनुवटीने एका गाळ्याकडे खुणावतो. मग दुसऱ्या गाळ्याकडे बघून म्हणतो, "त्यांचं बरंय. उधारी थकते, पण पुढचं टायर नवं."

उधारी थकते. हेही लक्षात ठेवा.

दुसरा मिस्त्री. पन्नाशीचा, नखांत कायमचं ग्रीस, गाडीखालून फक्त पाय बाहेर. पायांशीच बोलावं लागतं.

"मिस्त्री, ब्रेकचं काम पूर्ण कोण करून घेतं?"

"पूर्ण?" गाडीखालून हसल्याचा आवाज येतो. "सगळे म्हणतात, मिस्त्री, एवढी ट्रिप भागवून घ्या."

"सगळे?"

पाय थोडा वेळ हलत नाहीत. मग तोच गाळा. "ते शेठ शिव्या घालतात, पण लायनर चारी चाकांचे बदलतात."

तिसरा साक्षीदार सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक ड्रायव्हर त्याला विचारायलाच विसरतात. त्या शेठची 1210 टाटा रस्त्याच्या पलीकडे उभी आहे. लाकडी केबिन, कपाळाला लिंबू-मिरची, आरशाला काळी वेणी. बाजूला तेरा-चौदा वर्षांचा क्लीनर ताडपत्रीची घडी घालतोय. मोठी ताडपत्री एकट्याने घडी करणं म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. दुसरं टोक तुम्ही धरा. टोक धरलं की पोरं बोलतात.

पोराच्या पायात काय आहे ते आधी बघा. टायरची चप्पल आहे, पट्टा शाबूत. अंगात स्वेटर, मापापेक्षा मोठा, म्हणजे कोणीतरी आपला दिलेला. केबिनमध्ये डोकवा: सीटच्या मागच्या फळीवर दोन गोधड्या आहेत की एक? दोन आहेत. ताडपत्रीला ठिगळं आहेत, पण शिवलेली. दोऱ्या गाठाळलेल्या नाहीत.

"किती दिवस झाले रे या गाडीवर?"

"दुसरी दिवाळी झाली, वस्ताद."

"आधीचा ड्रायव्हर का गेला?"

"गावाला जमीन घेतली त्यांनी. शेठने हिशेब करून दिला." मग आवाज खाली. "पण शेठ लई बोलतात. आईवरून नाही, पण बोलतात."

"खुराकी गाडी उभी असली तरी मिळते?"

या प्रश्नाला पोरगा घडी सोडून तुमच्याकडे बघतो. "बडोद्याला माल उतरवून घेत नव्हते, चार दिवस. चारी दिवसांची दिली. कुरकुरत दिली, पण दिली."

झालं. गाळ्यात चला.

गाळा म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीला कालनिर्णय, कोपऱ्यात बिल्टीबुकांचा ढीग, गादीवर शेठ, आणि टेबलावर काळा टेलिफोन, ज्याला कुलूप आहे. शेठ तुमच्याकडे बघतही नाही. लायसन मागून घेतो, उलटंपालटं करतो, आणि (इकडे लक्ष द्या) परत तुमच्या हातात देतो.

"कोणाकडे होतास?"

सांगा. खोटं बोलू नका, या रस्त्यावर दुपारपर्यंत सगळं सगळ्यांना कळतं. तो ऐकतो, चेहऱ्यावर काही दाखवत नाही. घाट कोणते केले, खंडाळा केला का, कसारा किती वेळा, इंदूरचा रस्ता माहीत आहे का. भरल्या गाडीला लिटरला किती ॲव्हरेज काढशील? चार म्हणा, जास्त म्हणालात तर एकतर खोटं बोलताय किंवा घाटात न्यूट्रलवर उतरवताय असं तो समजेल, आणि बरोबरच समजेल.

आता तुमची पाळी. इथेच बहुतेक जण गप्प बसतात. ड्रायव्हरने मालकाला प्रश्न विचारणं रीतीला धरून नाही असं म्हणतात. ही रीत कोणी पाडली ते सांगायला नको.

"शेठ, मालेगावला केस आहे माझी. दर दोन-तीन महिन्यांनी तारीख लागते."

हा तुमचा खरा प्रश्न. पगार, खुराकी, टायर यांची उत्तरं बाहेर मिळाली. याचं उत्तर याच माणसाकडे आहे. एक मालक म्हणेल, तो तुझा मामला. दुसरा म्हणेल, वकील बघून घेईल, आणि पुढच्या तारखेला तुम्ही मद्रासच्या वाटेवर असाल आणि कोर्टातून वॉरंट निघेल.

शेठ कालनिर्णयाकडे बघतो. "कधी आहे तारीख?"

"जानेवारीच्या एकोणीसला."

पेन्सिल कानावरून काढून तो त्या चौकोनात काहीतरी खरडतो. "त्या आठवड्यात आग्रा रोडचंच भाडं बघू. जाताना लागेल मालेगाव. तू कोर्टात जा, पोरगा गाडीत बसेल. एक दिवस उभी राहील गाडी." मग जरा चिडूनच, "राहू दे उभी! पण संध्याकाळी निघायचं."

एवढंच. तुमची नेमणूक झाली.

रात्री नऊला गाडी निघते. खोबरेल तेलाचे डबे आणि कटलरीचे डाग, इंदूर. भिवंडी सुटली, शहापूर सुटलं, आणि कसाऱ्याला इंजिन केबिनमध्ये येऊन बसल्यासारखं तापलं. 1210 मध्ये इंजिनाचं झाकण तुमच्या गुडघ्याला लागूनच असतं. डिसेंबरातही डाव्या पायाचे केस करपल्यासारखे होतात. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी माणसाच्या चालीने चढते. क्लीनर खाली उतरलाय, हातात लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालतोय. गाडी मागे सरली तर ठोकळा चाकाखाली घालायचा. तेरा-चौदा वर्षांचं पोर, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि त्याच्या भरवशावर कित्येक टनांचा माल. वर घाटनदेवीला नाणं टाकलं की तुम्ही दोघं एकदमच श्वास सोडता.

नाशिक, मालेगाव, धुळे. दर गावाला जकात नाका. कागद दाखवा, पास घ्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला तो परत करा. माल गावात उतरवायचाच नसला तरी. नाक्यावर कधी अर्धा तास, कधी दोन. हे तास कोणाच्याच वहीत नसतात. ढाब्यावर बाजेवर टेकता, तर ढाबेवाला डाळ आणण्याआधी विचारतो, "गाडी कोणाची?" शेठचं नाव ऐकून मान हलवतो आणि पैसे परतीच्या वाटेवर द्या म्हणतो. आधीच्या मालकाच्या नावावर याच ढाब्यावर रोख मागायचे. तेव्हा तुम्हाला तो अपमान वाटायचा. ती खबर होती.

शिरपूर ओलांडून पळासनेरच्या चढाला, बिजासन घाटाच्या तोंडाशी, मागून एक कोरडा आवाज येतो. हाडासारखा. इंजिन फिरतंय, गिअर पडतोय, गाडी हलत नाही. एक्सल तुटला.

दगड लावा, पोराला गाडीपाशी ठेवा, शिरपूरला उलटं जाणाऱ्या गाडीत बसा. पोस्टात ट्रंक कॉल बुक करा, अर्जंट. साध्या कॉलला दिवस जाईल, लायटनिंगचे पैसे तुमच्या खर्चीत नाहीत. बाकावर बसून राहा. समोर मनिऑर्डरच्या रांगेत बायका आहेत. मनात आधीच्या मालकाचा आवाज घुमतोय: गाडी कशी चालवलीस, ओव्हरलोड घेतलास का, कुठे विकलंस डिझेल. दीड तासाने तुमचं नाव पुकारतात.

"शेठ, एक्सल तुटला. पळासनेरपाशी."

खरखर. मग, "तुम्हाला दोघांना लागलं का?"

मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं येतं, त्यात सगळं येतं असं मला वाटतं. बाकी संभाषण रीतसर शिव्यांचंच झालं. गाडी रस्त्यावर आहे की कडेला? माल कोरडा आहे ना? धुळ्यात अमुक दुकानातून एक्सल घे, माझं नाव सांग. आणि शेवटी, ओरडून, कारण लाइन तुटत होती, "पोराला रात्री एकट्याला ठेवू नकोस!"

तीन दिवस गाडी उभी. एक रात्र पाऊस आला, अवकाळी, आणि ती शिवलेली ताडपत्री कामी आली.

मुंबईला परतल्यावर हिशेब. शेठ गादीवर, तुम्ही समोर, मध्ये वही. डिझेल. जकात. एक्सलची पावती. मिस्त्रीची मजुरी. रस्त्याचा खर्च, म्हणजे नाक्यानाक्यावर हातात ठेवलेले पैसे. याची पावती नसते. आधीचा मालक याचीही पावती मागायचा, जणू हवालदार पावतीबुक घेऊन उभा असतो. हा शेठ फक्त गावांची नावं विचारतो आणि मनातल्या दराशी ताडून बघतो. मग तेलाचा एक डबा कमी भरला त्यावर अडतो. तो डबा पळासनेरला गेला हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यालाही. अर्धा तास वाद. शेवटी अर्धे पैसे तुमचे, अर्धे त्याचे. म्हणजे शेठ देवमाणूस नाही. तसा कोणी शोधतही बसू नये. उभ्या तीन दिवसांची दोघांची खुराकी मात्र त्याने न मागता मांडली होती, वहीत वरच, डिझेलच्याही आधी.

तुम्ही त्याच्याकडे अकरा वर्षं राहता. मालेगावची केस चौथ्या वर्षी सुटते.

आता डोळे चोळा. कळंबोली, जानेवारी 2024 चा दुसरा आठवडा. तुम्ही अडुसष्टीला आलात, गुडघे गेलेत, आणि गावाकडचा एक बावीस वर्षांचा नातलग तुमच्या शेजारी टपरीवर बसलाय. त्याच्या लायसनवरची शाई अजून ओली आहे असं म्हणावं इतकं ते नवं. भोवती ट्रेलर, त्यांवर न्हावा-शेव्याचे कंटेनर. तुम्ही पहिल्यांदा वाडीबंदरला आलात तेव्हा ते बंदरच नव्हतं. 1989 ला सुरू झालं.

आठवड्यापूर्वी याच पोराने संपावरच्या ड्रायव्हरांबरोबर रस्त्यावर बसून घोषणा दिल्या. नव्या न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये, अपघातात माणूस दगावला आणि ड्रायव्हर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 2 तारखेच्या रात्री सरकारने सांगितलं, विचारविनिमय केल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही. तुमच्या वेळी 304 अ ला दोन वर्षं होती. पोरगा विचारतो, "आबा, तुम्ही थांबला होता की पळाला होता?" तुम्ही चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरता. थांबला होतात. लोकांनी धरायच्या आत चौकीत पोचलात, म्हणून जिवंत आहात. ते सांगायला अजून अवघड जातं.

जकात नाके गेले, मुंबईचे शेवटचे 1 जुलै 2017 ला, जीएसटीबरोबर. टोल फास्टॅगने कापला जातो. डिझेलच्या टाकीत सेन्सर आहे, काचेवर कॅमेरा आहे, गाडी कुठे थांबली ते मालकाला मोबाईलवर दिसतं. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या केबिनला एसी लागणार, तोही नियम झालाय. पण बंदराच्या रांगेत गाडी दोन-दोन दिवस उभी राहते, गोदामाच्या फाटकाबाहेर उभी राहते, आणि ते तास अजूनही कोणाच्या वहीत असतात-नसतात.

एक गोष्ट गेली ती मात्र तुम्हाला डाचते. नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर लागायचे, ती अट 2018 मध्ये काढली. क्लीनर तर त्याआधीच कमी होत गेले. तेरा वर्षांची पोरं घाटात ठोकळा घेऊन चालत नाहीत, हे चांगलंच झालं. पण ताडपत्रीचं दुसरं टोक धरून ज्याला विचारावं, असा माणूसच आता गाडीवर उरला नाही.

पोरगा तुम्हाला मोबाईल दाखवतो. ड्रायव्हरांचा ग्रुप आहे, तीनशेहून जास्त माणसं. "चौदा चाकीला ड्रायव्हर पाहिजे, पगार अमुक, ट्रिपभत्ता वेगळा." खाली अंगठ्यांची चित्रं. पगार सगळ्यांचा जवळजवळ सारखाच. तुम्ही हसता.

"त्या जाहिरातीच्या मालकाला फोन करू नकोस," तुम्ही सांगता. "ती गाडी आधी कोण चालवायचा, त्याला कर."

शोधाशोध होते. ग्रुपमध्येच एकाला माहीत असतं, नंबर मिळतो. पोरगा स्पीकरवर टाकतो. पलीकडचा माणूस कुठेतरी गुजरातेत आहे, मागे हॉर्न वाजतायत.

"दादा, त्यांची गाडी का सोडलीत?"

"पगार टायमावर असतो. माणूस वाईट नाही." थोडं थांबून, "तुझं लग्न झालंय का?"

"नाही."

"मग बघ बाबा. सुट्टी मागितली की म्हणतो गाडी उभी राहील. माझ्या पोरीच्या बारशाला गेलो नाही मी. आणि सोडताना एका महिन्याचा पगार अडकवून ठेवलाय, अजून देतो-देतोच चाललंय."

"बंदरावर गाडी अडकली तर भत्ता?"

पलीकडून नुसतं हसू येतं, आणि मग रेंज जाते.

पोरगा मोबाईल खिशात घालतो, चहाचे पैसे देतो. समोर उभ्या ट्रेलरच्या मागच्या दारावर पांढऱ्या रंगाने 'ड्रायव्हर पाहिजे' लिहिलंय आणि खाली नंबर. तो तिकडे जातो. नंबर टिपून घेण्याआधी वाकून पुढची दोन्ही टायरं बघतो, हाताने खाचा चाचपतो. मग केबिनच्या काचेवर टकटक करतो, आत झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायला.